आघाडी म्हणजे दहा गडी

२ मार्च २०२५ रोजी जामठ्याच्या मैदानावर विदर्भानं तिसऱ्यांदा रणजी करंडक उचलला आणि त्या दिवसापासून एक आक्षेप ऐकू येतो आहे. सामना अनिर्णित राहिला, केरळ हरलं नाही, विदर्भ जिंकला नाही. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक मिळाला, मग हे कसलं विजेतेपद? मुंबईतल्या किंवा कोचीतल्या कुणी असं म्हटलं तर समजू शकतं. पण अकोल्यात आणि अमरावतीतही माणसं जरा अवघडून सांगतात, "जिंकलो बावा, पण लीडवर." अथर्व तायडे आणि आदित्य ठाकरे ही अकोल्याची पोरं, जितेश शर्मा अमरावतीचा. विदर्भाच्या क्रिकेटमध्ये वऱ्हाडाचा असा हक्काचा वाटा असताना हा संकोच मला मान्य नाही. त्यात नम्रता नाही, खेळाची चुकीची समज आहे.

आधी पूर्वपक्ष नीट मांडतो. केरळ त्या मोसमात एकही सामना हरलं नव्हतं. रणजीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांनी अंतिम फेरी गाठली होती. विदर्भाच्या ३७९ धावांना त्यांनी ३४२ धावांनी उत्तर दिलं. कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला नसता तर कदाचित आघाडीचं पारडं फिरलं असतं. त्यानंतर विदर्भानं दुसऱ्या डावात शेवटचे दोन्ही दिवस फलंदाजी केली, ९ बाद ३७५ पर्यंत मजल मारली आणि केरळला पुन्हा फलंदाजीची संधीच दिली नाही. पाच दिवसांच्या सामन्याचा निकाल तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लागतो आणि पुढचे दोन दिवस औपचारिकता उरते, असा हा आक्षेप आहे. तो पोकळ नाही. म्हणूनच त्याला उत्तरही पूर्ण द्यायला हवं.

पहिली गोष्ट, आघाडी आपोआप मिळत नाही. समोरचा संघ डाव घोषित करतो ते अपवाद सोडले, तर आघाडी घ्यायची म्हणजे समोरच्याचे दहाच्या दहा गडी बाद करायचे. पाटा खेळपट्टीवर नुसत्या धावा जमवून हा हिशेब सुटत नाही, तो गोलंदाजच सोडवतो. त्या अंतिम सामन्यात दर्शन नळकांडेनं केरळचे दोन्ही सलामीवीर सुरुवातीलाच उडवले. विदर्भ सोडून केरळकडे गेलेला आदित्य सरवटे ७९ वर असताना हर्ष दुबेनं त्याला बाद केलं. सचिन बेबीला शतकापासून दोन धावांवर पार्थ रेखडेनं फसवलं. नळकांडे, दुबे आणि रेखडे यांनी प्रत्येकी तीन गडी टिपले. दानिश मालेवारच्या १५३ धावांचं मोल मी कमी करत नाही. ३ बाद २४ अशा अवस्थेतून त्यानं आणि करुण नायरनं डाव उभा केला. पण त्या ३७९ धावांना अर्थ आला तो केरळचे दहा गडी ३४२ मध्ये मिळाले म्हणून.

आणि दुसऱ्या डावातली फलंदाजी? केरळला करंडक हवा होता तर विदर्भाला लवकर गुंडाळणं हाच मार्ग होता. त्यांच्या हातात दोन दिवस होते. संधीही आली: करुण नायर ३१ वर असताना त्याचा स्लिपमधला झेल सुटला आणि त्यानं १३५ केल्या. दोन दिवसांत दहा गडी न मिळणं हे केरळच्या गोलंदाजीचं अपुरेपण आहे. त्याचं खापर विदर्भावर किंवा नियमावर का फोडायचं?

आता केरळ अंतिम फेरीत कसं आलं तेही पाहू. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० धावांसमोर केरळनं २८१ केल्या. एका धावेची आघाडी. सलमान निझारनं शेवटच्या गड्यासोबत झुंज देऊन ती खेचून आणली, सामना अनिर्णित राहिला आणि केरळ पुढे गेलं. अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ धावांचा पाठलाग करताना गुजरात ४५५ वर संपलं. तिथलं शेवटचं दृश्य क्रिकेट पाहणारा कुणी विसरणार नाही. अर्झान नागवासवालानं जोरदार फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या निझारच्या हेल्मेटवर आदळला, उंच उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. गोलंदाज होता सरवटे, आपल्या विदर्भाच्या मातीत घडलेला. दोन धावांच्या आघाडीवर केरळ अंतिम फेरीत पोहोचलं.

त्या झेलावरूनही कल्लोळ झाला होता. हेल्मेटला लागलेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद कसा? जुन्या नियमानुसार नसताच. क्षेत्ररक्षकानं घातलेल्या हेल्मेटवरून उडालेला झेल २०१७ पर्यंत ग्राह्य नव्हता. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या नव्या संहितेत तो ग्राह्य ठरला. या बदलामागचं तर्कशास्त्र मला पटतं. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या खांद्याला, छातीला किंवा बुटाला लागून उडाला आणि दुसऱ्यानं झेलला तर फलंदाज कायमच बाद होत आला आहे. डोक्यावरचं हेल्मेट हा त्या खेळाडूच्या अंगाचाच भाग मानला, एवढंच. नशिबाचा भाग त्यात आहे, पण बॅटची कड घेऊन यष्टीवर आदळणाऱ्या चेंडूतही तो असतो. गुजरातच्या बाजूनं हळहळ वाटणं स्वाभाविक आहे, अन्याय मात्र झाला नाही. आणि एका धावेची, दोन धावांची आघाडी खरी असेल तर ३७ धावांची आघाडी खोटी कशी? केरळच्या कुणी खेळाडूनं असा दावा केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. दावा प्रेक्षकांचा आहे आणि तो आपल्या सोयीच्या ठिकाणी सुरू होतो.

यापेक्षाही मला महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पुढचा. आघाडीवर ठरलेली विजेतेपदं पाहिली की अनेकदा त्या संघाकडे मोसम गाजवणारा गोलंदाज दिसतो. २०१०-११ मध्ये राजस्थान बडोद्याविरुद्ध आघाडीवर जिंकलं. त्याच मोसमात त्यांच्या दीपक चहरनं १० धावांत ८ बळी घेऊन हैदराबादला अवघ्या २१ धावांत गुंडाळलं होतं. २०१९-२० मध्ये सौराष्ट्र बंगालविरुद्ध आघाडीवर जिंकलं. तेव्हा जयदेव उनाडकटनं मोसमात ६७ बळी घेतले होते. २०२४-२५ मध्ये हर्ष दुबेनं ६९ बळी घेऊन एका मोसमात सर्वाधिक बळींचा रणजी विक्रम केला. त्याआधीचा ६८ बळींचा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता. म्हणजे हा नियम ज्यांच्या पदरात करंडक टाकतो, ते संघ दहा गडी बाद करण्याची ताकद असलेले असतात. नियमाची निवड चुकलेली दिसत नाही.

यावर लगेच दुसरा आक्षेप येतो: ही ताकद जामठ्याच्या खेळपट्टीची आहे. बाद फेरीचे तिन्ही सामने विदर्भ घरीच खेळला, हे खरं आहे. पण विदर्भाच्या गोलंदाजीची कीर्ती घरच्या मैदानावर उभी राहिलेली नाही. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ १८५ मध्ये संपला आणि कर्नाटकनं ३०१ करून ११६ धावांची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहता तर विदर्भ तिथंच बाहेर पडला असता. शेवटच्या डावात कर्नाटकला १९८ हव्या होत्या. रजनीश गुरबानीनं ६८ धावांत ७ बळी घेतले, कर्नाटक १९२ वर आटोपलं आणि विदर्भ ५ धावांनी जिंकला. आघाडीच्या नियमानं छळलेला संघ कसा झगडतो, हे विदर्भाला कुणी शिकवायची गरज नाही. पुढे इंदूरच्या अंतिम सामन्यात याच गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती अवघी दुसरी, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमनंतरची. अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं त्याच सामन्यात प्रथमश्रेणी पदार्पण केलं. पुढच्या वर्षी उपांत्य सामना केरळच्या वायनाडमध्ये झाला. खेळपट्टी त्यांची, प्रेक्षक त्यांचे. उमेश यादवनं सामन्यात १२ बळी घेतले, केरळ १०६ आणि ९१ मध्ये गडगडलं. ही कुणाच्या अंगणातली करामत म्हणायची?

२०२४-२५ चा पूर्ण मोसमही डोळ्यांसमोर ठेवा. साखळीत सातपैकी सहा निर्विवाद विजय आणि ४० गुण. मग तमिळनाडूवर १९८ धावांनी आणि मुंबईवर ८० धावांनी मात. दहा सामन्यांत आठ निर्विवाद विजय मिळवणाऱ्या संघाला शेवटच्या एका अनिर्णित सामन्यावरून 'आघाडीवाले' म्हणणं हा सरळ अन्याय आहे. उरलीसुरली शंका ऑक्टोबर २०२५ मध्ये फिटली. इराणी करंडकात शेष भारताचे दहाही गडी दोन्ही डावांत बाद करून विदर्भ ९३ धावांनी जिंकला. त्यात १४३ धावांची खेळी करणारा अथर्व तायडे अकोल्याचा.

गोलंदाजानं खेळ ताब्यात घेतला की नियम बदला ही हाक फक्त आपल्याकडेच उठते असं नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या १९६८ च्या मोसमात पिचरांनी फलंदाजांना अक्षरशः जखडून टाकलं. पिचर बॉब गिब्सननं दर नऊ डावांमागे सरासरी १.१२ धावाच दिल्या. लगेच पुढच्या वर्षी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोनही लहान केला. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये लंबक उलट बाजूला गेला. धातूच्या बॅटींमुळे १९९८ चा राष्ट्रीय अंतिम सामना २१-१४ अशा धावसंख्येवर संपला, तेव्हा बॅटींवर बंधनं आणावी लागली आणि २०११ च्या नव्या निकषांनंतर होम रनची संख्या घसरली. त्याच महाविद्यालयीन स्पर्धेत २०१९ साली कुमार रॉकर या तरुणानं एकाच सामन्यात १९ फलंदाजांना स्ट्राइक आउट करून प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही. त्याची आई भारतीय वंशाची. त्या रात्री कुणी नियमाकडे बोट दाखवलं नाही, कारण अशा कामगिरीपुढे वाद टिकत नाहीत.

निकाल लावण्याच्या घाईत बेसबॉलनं आणखी एक गोष्ट केली. २०२० पासून व्यावसायिक लीगच्या साखळी सामन्यांत जादा डाव सुरू होतो तेव्हा एक खेळाडू आयताच दुसऱ्या बेसवर उभा केला जातो. सॉफ्टबॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही बरोबरी फोडण्यासाठी अशी सोय आहे. वऱ्हाडातल्या महाविद्यालयांत सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींना ती ठाऊक असेल. तो धावपटू कुणी कमावलेला नसतो. पहिल्या डावाची आघाडी मात्र कमावलेली असते, तीन-तीन दिवस घाम गाळून. निकाल हवाच म्हणून खोटा धावपटू उभा करण्यापेक्षा, खरोखर टिपलेल्या दहा गड्यांवर विजेता ठरवणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. करंडक वाटून द्यावा ही सूचनाही मी नाकारतो. दोघांना अर्धा-अर्धा दिला तर तिसऱ्या दिवशी दहावा गडी बाद करण्यासाठी जीव कोण काढेल?

मग काहीच बदलू नये का? बदलावं, पण मोसम सुरू होण्याआधी ठरवून. अंतिम सामन्याला सहावा दिवस द्यावा. पाच दिवसांत चारही डाव संपवायची सक्ती खेळपट्टीवर ताण आणते आणि आयोजक पाटा किंवा फाटकी अशी टोकाची खेळपट्टी करू लागतात. सहाव्या दिवसानंतरही निकाल नसेल तर आघाडीचा नियम आहेच. अमरावतीला नियमांचं मोल कळतं. १९१४ साली स्थापन झालेल्या इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं घेऊन गेलं होतं. परक्या देशात खेळ दाखवायचा तर आधी त्याचे नियम चोख लागतात.

माझी खरी मागणी मात्र खालच्या पायरीवर आहे. हर्ष दुबेचे ६९ बळी लांब, धीराच्या स्पेलमधून आलेले आहेत. मर्यादित षटकांच्या सामन्यात गोलंदाजाला ५० षटकांपैकी दहा आणि विसापैकी चारच मिळतात. फलंदाज शेवटपर्यंत खेळू शकतो, गोलंदाजाला मध्येच थांबवलं जातं. महाविद्यालयीन क्रिकेट अशा मर्यादित षटकांतच चालत राहिलं तर वऱ्हाडातल्या मुलाला विसावं षटक टाकताना बोटं कशी दुखतात, चेंडू जुना झाल्यावर तो कसा वळवायचा, दोन तास निर्धाव टाकून फलंदाजाचा धीर कसा सोडवायचा, हे कळणार कधी? एकेकाळी रोहिंटन बारिया करंडकाचे आंतरविद्यापीठ सामने अनेक दिवस चालत आणि त्यातून कसोटीपटू घडत. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठानं आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत निदान उपांत्य आणि अंतिम सामने तीन दिवसांचे करावेत. गोलंदाजावर षटकांचं बंधन नको. निकाल लागला नाही तर पहिल्या डावाच्या आघाडीवर विजेता ठरवावा. मैदानं अकोल्यात आहेत, अमरावतीत आहेत. हिवाळ्यात सकाळी साडेनऊला पहिलं षटक सुरू करता येतं.