प्रवासाचा पास घ्यावा कीं न घ्यावा?

सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्या परभणी जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एकच प्रश्न निघतो : यंदा मुलांना कोठें न्यावें, आणि तें किती पैशांत बसवावें? कापूस व सोयाबीन विकून जो पैसा हातीं येतो, त्यांतून देणें, घरखर्च व शाळेचा खर्च भागल्यावर जें कांहीं उरतें, त्यांतूनच हा प्रवास व्हावयाचा असतो. अशा वेळीं एस. टी.च्या 'आवडेल तेथे प्रवास' या पासाचें नांव फार गोड वाटतें. राज्य परिवहन महामंडळानें ही योजना १९८८ सालीं सुरू केली. एकदां पैसे भरले कीं चार किंवा सात दिवस, ज्या प्रकारच्या गाडीचा पास घेतला असेल त्या गाडींत वाटेल तेथें बसावें व वाटेल तेथें उतरावें. हा पास घेणें हिताचें कीं नाहीं, याविषयीं आमचें मत पालकांपुढें व विद्यार्थ्यांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आम्हीं स्वतः एकदां चार दिवसांचा पास घेतला होता. तिसऱ्या दिवशीं रात्रीं हिशेब केला, तेव्हां पासाचे पैसे वसूल होण्यास अजून बराच प्रवास करावयास हवा असें दिसून आलें. झालें! चौथ्या दिवशीं पहाटे उठून पैठण गांठलें, आणि परतीची गाडी चुकूं नये म्हणून लगेच माघारीं फिरलों. नाथांचा वाडा पाहिला नाहीं, गोदावरीचा घाट पाहिला नाहीं. पाहिलें तें बसस्थानक. पैसे वसूल झाले खरे, परंतु दिवस बुडाला. त्या दिवसापासून आम्हांस असें वाटूं लागलें कीं, पासाचा हिशेब प्रवासापूर्वीं करावयाचा असतो, प्रवासांत नव्हे.

तो हिशेब कसा करावा, हें एका उदाहरणानें पाहूं. एक कुटुंब परभणीहून छत्रपति संभाजीनगरास जाऊन वेरूळ व अजिंठा पाहून परत येणार आहे, असें समजा. परभणी ते संभाजीनगर सुमारें २०० किलोमीटर, तेथून वेरूळ सुमारें ३० व अजिंठा सुमारें १०० किलोमीटर. जाणें-येणें धरून एकूण ६६० किलोमीटर झाले. आतां हे ६६० किलोमीटर घरांतील प्रत्येकास सारख्याच भावानें पडतात काय? मुळींच नाहीं. मार्च २०२३ पासून एस. टी.मध्यें स्त्रियांस अर्धें तिकीट आहे. म्हणजे आईस हा प्रवास ३३० किलोमीटरच्या भाड्यांत पडतो. ७५ वर्षांवरील वृद्धांस ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाहीं. म्हणजे आजीचा खर्च शून्य. पांच ते बारा वर्षांच्या मुलास अर्धें तिकीट. पासाच्या दरांत मात्र प्रौढ व मूल एवढाच भेद असतो. तेव्हां आजीसाठीं पास घेणें म्हणजे फुकट मिळणारी वस्तु विकत घेणें होय, आणि आईचा पास फायद्याचा ठरण्यास तिला वडिलांच्या दुप्पट प्रवास करावा लागेल. घरांतील सर्वांचे पास एकदमच काढणारा गृहस्थ उदार असेल, पण हिशेबी नव्हे.

राहिले वडील. त्यांनीं आगारांत जाऊन दोन गोष्टी विचाराव्या : आजच्या दरानें ६६० किलोमीटरचें भाडें किती, आणि चार दिवसांच्या पासाची रक्कम किती. दर वेळोवेळीं बदलतात, म्हणून गतवर्षींच्या ऐकीव आंकड्यांवर विसंबूं नये. शिवाय पासाचा दिवस मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत मोजतात. दुपारीं निघणाऱ्याचा अर्धा दिवस आधींच खर्ची पडलेला असतो. आणि परभणी हें रेल्वेचें जंक्शन आहे, हेंही विसरूं नये. संभाजीनगरापर्यंत आगगाडीचें साधें तिकीट बसच्या भाड्याहून कमी पडतें, आणि एस. टी.चा पास आगगाडींत चालत नाहीं.

स्थळें केव्हां उघडीं असतात, हेंही पासापेक्षां महत्त्वाचें. अजिंठ्याचीं लेणीं सोमवारीं बंद असतात व वेरूळचीं मंगळवारीं. सोमवारीं वेरूळ व मंगळवारीं अजिंठा असा क्रम लावणारा दोन्हीं पाहून येईल. उलट क्रम लावणाऱ्यास दोन्हीं दिवशीं बंद दार भेटेल. मग त्याच्या खिशांत पास असला काय आणि नसला काय!

मोठमोठ्या शहरांतही हाच न्याय लागू पडतो. मुंबईच्या लोकल गाड्यांसाठीं एक, तीन व पांच दिवसांचें पर्यटक तिकीट मिळतें. पॅरिस शहरांत अनेक संग्रहालयांचा मिळून एक पास विकतात. परंतु तेथील प्रसिद्ध लूव्र संग्रहालयांत १८ वर्षांखालील मुलांस मूळांतच विनामूल्य प्रवेश आहे. आपल्याकडे वेरूळ-अजिंठ्यासही १५ वर्षांखालील मुलांस प्रवेशमूल्य पडत नाहीं. जें आपणांस आधींच मोफत किंवा अर्ध्या किंमतींत मिळतें, त्याची चौकशी न करतां पास घेणाऱ्याचें नुकसान सर्वत्र सारखेंच.

यावरून पास ही वाईट वस्तु आहे, असें कोणीं समजूं नये. एखादा तरुण सात दिवसांत परभणीहून पंढरपूर, कोल्हापूर, रत्नागिरी असा लांबचा फेरा करूं म्हणत असेल, तर त्यानें पासाचा अवश्य विचार करावा. प्रत्येक गाडींत पैसे मोजण्याची यातायात वांचते, आणि वाटेंत एखादें गांव आवडलें तर उतरण्यास मन कचरत नाहीं. हें स्वातंत्र्यही कांहीं मोलाचें आहे. परंतु ज्याला एकाच ठिकाणीं राहून तेथील दोन-चार स्थळें नीट पाहावयाचीं आहेत, त्याला तें स्वातंत्र्य विकत घेण्याचें कारण नाहीं. पास चालण्याचा मोबदला देतो, थांबण्याचा देत नाहीं. आणि पाहणें तर थांबल्यावांचून होत नाहीं. वेरूळचें कैलास लेणें वरून खालीं खोदीत आणलेलें आहे. तें ज्यांनीं घडविलें, त्यांनीं घाई केली नाहीं. पाहणाऱ्यानें निदान अर्धा दिवस तरी तेथें द्यावयास नको काय?

म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें : प्रथम काय पाहावयाचें तें ठरवावें, मग माणसागणिक तिकिटांची बेरीज करावी, आणि ती पासाहून अधिक भरली तरच पास घ्यावा. पासासाठीं यादी वाढवूं नये. हिशेबांत लांबचा प्रवास बसला नाहीं, तरी खंत करूं नये. जिंतूरजवळच्या नेमगिरीचीं जैन लेणीं, चारठाण्याचीं जुनीं देवळें, संत जनाबाईंचें गंगाखेड, १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यांत असलेलें औंढा नागनाथ — हीं सर्व साध्या तिकिटांत येण्याजोगीं आहेत.

विद्यार्थी मित्रहो, हें गणित तुमच्या इयत्तेच्या पुस्तकांतील गणितांहून कठीण नाहीं. या सुट्टींत तें तुम्हीच कागदावर मांडा व वडिलांस दाखवा. त्यांच्या कष्टाचे चार पैसे वांचले, तर त्या पैशांत आजीलाही बरोबर नेऊन तिच्या जेवणाची व मुक्कामाची सोय करतां येईल. आणि तो प्रवास कोणत्याही पासावांचून सर्वांच्या आठवणींत राहील.