एकाच हीटरवर भरवसा नको

नाशिकच्या एका भगिनींचे पत्र आले आहे. चार पाने आहेत आणि त्यातली साडेतीन माशांची. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाने दोन-तीन वर्षांची ईदी साठवली, कमी पडले ते मामूंकडून घेतले आणि हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच. त्यात क्लाउनफिशची जोडी, काही डॅमसेल, एक सर्जनफिश आणि दोन कोळंब्या. थंडी सुरू झाली तेव्हा दुकानदाराने "मोठाच घ्या, पाणी लवकर तापेल" असे सांगून १००० वॉटचा एक हीटर दिला. पंधरा दिवस बरे गेले. मग एका पहाटे मुलाचे अब्बू फजरला उठले, सहज काचेला हात लागला तर ती गरम. थर्मामीटरवर ३४ अंश. टाकीत काहीही जिवंत नव्हते.

मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. अब्बू म्हणतात, मुके जीव कोंडून मारायचे हा कसला शौक, टाकी विकून टाका. अम्मींनी आम्हाला दोन गोष्टी विचारल्या आहेत. असे मासे पाळणे जायज आहे का? आणि असेल तर हीटर कोणता घ्यावा?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. ह. अनस (रजि.) यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक लहानसा पक्षी होता. तो मेला तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्या लहानग्याची मायेने विचारपूस केली. जीव पाळता येतो, असे विद्वानांनी या हदीसवरून म्हटले आहे. पण मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीसही आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कोंडले की अन्न-पाणी आणि ऊब आपल्या जिम्म्यावर आली. मासा स्वतःहून गरम पाण्यातून निघून जाऊ शकत नाही. म्हणून अब्बूंचा राग आम्हाला गैर वाटत नाही, फक्त तो मुलावर निघायला नको. चूक मुलाची नव्हती, हीटर निवडण्याची होती.

आता दुसरा प्रश्न. लोक हीटर घेताना "बंद तर पडणार नाही ना?" असे विचारतात. बंद पडला तर एवढ्या मोठ्या टाकीचे पाणी हळूहळू गार होते आणि सावरायला वेळ मिळतो. खरा धोका उलटा आहे, हीटर चालू राहून जाण्याचा. साध्या हीटरच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की ती वाकते आणि वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते. प्रत्येक वेळी तिथे बारीकशी ठिणगी पडते. असे हजारो वेळा झाल्यावर कधीतरी ती टोके एकमेकांना चिकटून बसतात. मग बटण कितीवरही असो, हीटर थांबत नाही. हे महागड्या हीटरचेही होते, म्हणून आम्ही कंपनीचे नाव सुचवत नाही.

हिशेब करून पाहू. आपांच्या टाकीत वाळू आणि वरची मोकळी जागा सोडून सुमारे ५०० लिटर पाणी धरू. ते एक अंश तापवायला साधारण ५८० वॉट-तास लागतात. थंड रात्री तेवढ्या टाकीतून दोनशे वॉटच्या आसपास उष्णता हवेत जाते असे मानले, तरी १००० वॉटच्या हीटरचे ८०० शिल्लक राहतात. म्हणजे पाऊण तासाला एक अंश. रात्री अकराला चिकटला असेल तर फजरपर्यंत आठ अंश होतातच. त्यात पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खाऱ्या पाण्यात तो आधीच कमी असतो.

याच टाकीत २०० वॉटचे दोन हीटर असते तर? एक चिकटला असता तरी त्याची ऊब बाहेर जाणाऱ्या उष्णतेइतकीच भरली असती. पारा जेमतेम हलला असता. एक बंद पडला असता तर दुसऱ्याने रात्र काढून नेली असती. म्हणून मोठ्या टाकीला मोठा हीटर हे आम्हाला मान्य नाही. दोन घ्या, आणि प्रत्येक असा घ्या की एकट्याने टाकी उकळवू शकणार नाही.

किती वॉटचे, हे दुकानदाराला विचारू नका, टाकीलाच विचारा. थंडीच्या रात्री पंप चालू ठेवून हीटर बंद करा आणि पाणी एक अंश उतरायला किती तास लागतात ते पाहा. एका अंशाने माशांचे काही बिघडत नाही. लिटरला १.१६ ने गुणा आणि तासांनी भागा. ५०० लिटर आणि तीन तास असतील तर १९५ वॉटच्या आसपास येते. जवळपास तेवढ्याच ताकदीचे दोन आणा.

त्यावर बाहेरचा कंट्रोलर हवाच. त्याचा प्रोब पाण्यात राहतो आणि ठरलेल्या अंशावर तो दोन्ही हीटरची वीज तोडतो. कंट्रोलर २६ वर आणि हीटरचे स्वतःचे बटण २७ वर ठेवा. मग पाणी तापायला दोन्ही कुलपे एकाच वेळी बिघडावी लागतील. कंट्रोलरचा प्रोब मात्र घट्ट बसवा. तो निसटून बाहेर लोंबकळला तर खोलीची थंड हवा मोजतो आणि पाणी तापवतच राहतो. अशा वेळी हीटरचे ते २७ चे बटणच कामी येते. याच कारणाने, टायटॅनियमचा हीटर खाऱ्या पाण्यात गंजत नाही आणि फुटत नाही हे खरे असले, तरी त्यातल्या अनेकांना स्वतःचे बटणच नसते. एका कंट्रोलरवर तसा एक मोठा हीटर टांगण्यापेक्षा, जाळीचे कवच असलेले काचेचे दोन साधे हीटर आम्हाला बरे वाटतात. स्टीलचा घेऊ नका, मिठाने गंजतो. आणि आंघोळीच्या बादलीत घालायचा रॉड तर एका रात्रीपुरताही नको. तो बहुधा तांब्याचा असतो, वरून नुसता मुलामा. तांबे पाण्यात उतरले की कोळंबी वाचत नाही.

काचेच्या हीटरचा दुसरा शत्रू म्हणजे पाणी बदलण्याचा दिवस. पाणी उतरते, हीटर उघडा पडून तापतो, आणि वरून गार पाणी पडले की तडकतो. आधी बटण बंद करा, पंधरा मिनिटे थांबा, मग हात घाला. खाली सम्प असेल तर हीटर तिथे, पाणी वाहते त्या कप्प्यात ठेवा. पण बाष्पीभवनाने ज्या कप्प्याची पातळी उतरते तिथे नको. खारे पाणी विजेला सहज वाट देते, म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांत काटकसर नको. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. वीज गेली तर इन्व्हर्टरवर हीटर लावू नका, पंप लावा. टाकीभोवती गोधडी गुंडाळली की पाच-सहा तास सहज निघतात.

मुंबई-रत्नागिरीच्या वाचकांना हे वाचून हसू येईल. तिकडे हीटर वर्षातून चार रात्री लागला तर लागला. तुमची काळजी मे महिन्याची, तिच्याबद्दल पुन्हा कधी.

मासे पुन्हा आणताना क्लाउनफिश पैदास केलेलेच मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्याकडे केव्हाच साधली आहे. प्रवाळ आणि समुद्रघोडे मात्र दुकानात दिसले तरी घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे.

आपा, घाई करू नका. टाकी नुसती पाण्याने भरून दोन आठवडे चालवा. मुलाला एक वही द्या. फजरला आणि इशाला वेगळ्या थर्मामीटरवर अंश पाहून त्याने लिहायचे. मध्येच एकदा, अब्बू समोर असताना, प्रोब मुद्दाम पाण्याबाहेर काढून ठेवा आणि पारा २७ वर थांबतो का ते तिघांनी मिळून पाहा. थंड रात्रीच्या परीक्षेत किती तास लागले तेही वहीत लिहून आम्हाला कळवा, वॉटचा हिशेब आम्ही करून पाठवतो.