भरतीची वीज आणि खाडीचा हिशेब

सूर्य ढगाआड जातो, वारा पडतो, पाऊस एखाद्या वर्षी दगा देतो; परंतु समुद्राची भरती कधी चुकत नाही. चंद्र व सूर्य यांचे आकर्षण आणि पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे यांमुळे बहुतेक किनाऱ्यांवर पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. कोणत्या तिथीस पाणी केव्हा भरेल, हे कोकणातील जाणता कोळी सहज सांगतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांतील भेद त्याला पाठ असतो.

अशी ही शक्ती रोज वाया का जाऊ द्यावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. कोळसा जाळून आपण वीज निर्माण करतो, तेव्हा हवा दूषित होते आणि पृथ्वीचे तापमान वाढते. शिवाय खाणीतून काढलेला कोळसा पुन्हा भरून येत नाही. भरतीला मात्र अंत नाही. म्हणून काही लोक तिच्या विजेला ‘फुकटची वीज’ म्हणतात. हा ‘फुकट’ शब्द मला मान्य नाही. तो का मान्य नाही, हे समजण्यासाठी ही वीज कशी मिळते ते प्रथम पाहावयास हवे.

खाडीच्या मुखाशी एक भिंत बांधतात व तिला दारे ठेवतात. भरतीच्या वेळी दारे उघडून पाणी आत घेतात आणि मग ती बंद करतात. बाहेरचे पाणी ओहोटीने पुरेसे उतरले की, आतील पाणी चक्रांवरून समुद्रात सोडतात. त्या वेगाने चक्रे फिरतात आणि वीज निर्माण होते. पाण्याच्या पातळीत जितका अधिक फरक, तितकी वीज अधिक. हा फरक निम्म्यावर आला, तर वीज जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येते. त्यामुळे अशी योजना सर्वच किनाऱ्यांवर लाभदायक ठरत नाही.

फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर असे मोठे केंद्र १९६६ साली सुरू झाले. त्यात २४ यंत्रे असून त्यांची एकूण शक्ती २४० मेगावॉट आहे. इतक्या वर्षांनंतरही ते वीज देत आहे, ही गोष्ट खरोखर कौतुकास्पद होय. परंतु या यशाची दुसरी बाजूही आहे. बांधकामासाठी १९६३ ते १९६६ या काळात त्या खाडीचा समुद्राशी असलेला संबंध तोडण्यात आला. परिणामी तेथील अनेक सागरी जीव नाहीसे झाले. पाण्याचे येणे-जाणे पुन्हा सुरू झाल्यावर जीवसृष्टी सावरली. पण त्यास सुमारे १० वर्षे लागली, आणि पूर्वीची खाडी जशीच्या तशी परत आलीच नाही.

खाडी म्हणजे केवळ खारे पाणी नव्हे. तिच्या काठी खारफुटीची झाडे उभी असतात. त्यांच्या मुळांशी माशांची व कोळंबीची पिल्ले वाढतात. ओहोटीने चिखल उघडा पडला की, पक्षी तेथे चरावयास येतात आणि काठावरच्या स्त्रिया तिसऱ्या व कालवे वेचतात. भिंतीमुळे पाणी आत अडून राहिले, तर तो चिखल पूर्वीइतका उघडा पडणार नाही. मग शहरात दिवे लागतील, परंतु त्याची किंमत कालवे वेचणारे घर भरील. ज्या वस्तूची किंमत दुसरा कोणी भरतो, तिला फुकट म्हणणे न्याय्य होईल काय?

यावर कोणी म्हणेल, “कोळशाच्या धुराने तर साऱ्या जगाचेच नुकसान होते. एका खाडीसाठी आपण थांबून राहावयाचे काय?” हा आक्षेप खोटा नाही. कोळशाचा वापर आपण कमी केलाच पाहिजे, आणि त्यात विलंब करणेही हितावह नाही. पण त्यासाठी जिवंत खाडी बंद करणे हा एकच मार्ग नाही. दक्षिण कोरियात सिहवा येथे शेतीच्या पाण्यासाठी १९९४ साली समुद्राला बांध घालून सरोवर केले होते. कारखान्यांच्या व वस्त्यांच्या सांडपाण्याने ते घाण झाले. पुढे त्याच बांधावर २५४ मेगावॉटचे भरती-वीजकेंद्र उभारण्यात आले व ते २०११ साली सुरू झाले. समुद्राचे पाणी पुन्हा आत-बाहेर खेळू लागल्याने सरोवराचे पाणीही सुधारले. स्कॉटलंडच्या उत्तरेस तर भिंत न बांधताच समुद्राच्या वेगवान प्रवाहात यंत्रे बसविली असून, २०१६ सालापासून त्यांची वीज मिळू लागली. ही यंत्रे खर्चाची आहेत खरी, पण ती खाडीचे दार बंद करीत नाहीत.

आपल्या देशात भरतीची उंची सर्वाधिक आहे ती गुजरातेत, खंबातच्या आखातात. तेथून दक्षिणेस मुंबईकडे व पुढे गोव्याकडे यावे, तसतशी ती कमी होत जाते. खंबातच्या आखातातील योजनांचा विचार अनेक वर्षे चालू आहे. उद्या अशी एखादी योजना हाती घेतली गेली, तर किती वीज मिळेल याबरोबरच कोणाचे काय जाईल, हेही आधी मोजले पाहिजे. आणि ते मोजताना काठावरच्या माणसांना विचारले पाहिजे. जेथे बांध पूर्वीच झालेला आहे किंवा जेथे भिंतीवाचून काम भागते, तेथे भरतीची वीज अवश्य घ्यावी. इतरत्र सूर्य व वारा यांच्याकडे आधी वळावे.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल तेव्हा असे निर्णय तुमच्यापैकीच कोणी अभियंता म्हणून, कोणी अधिकारी म्हणून, तर कोणी काठावरचा रहिवासी म्हणून घेणार आहे. त्या वेळी जमेच्या बाजूबरोबर खर्चाची बाजूही पुरती लिहा, आणि मगच हिशेबाखाली सही करा.