घरी आइस्क्रीमचे यंत्र घ्यावयाचे, तर कोणते?

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे मुलांच्या तोंडी आइस्क्रीमची भाषा सुरू होते, आणि घरी त्याचे यंत्रच आणावे असा आग्रह अलीकडे कित्येक पालकांस ऐकावा लागतो. ही हौस वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु मुंबईच्या बिऱ्हाडास जी वस्तू सोयीची, तीच जव्हार-मोखाड्याच्या घरासही सोयीची ठरेल, असा नियम नाही. याकरिता खरेदीपूर्वी थोडा विचार व्हावा, एवढ्याच हेतूने हे चार शब्द लिहीत आहोत.

घरीच का करावे, असे कोणी विचारील. आपल्या देशातील अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता शेकडा १० तरी असावी लागते. दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पतितेल वापरले, तर त्या पदार्थास ‘फ्रोझन डेझर्ट’ असे नाव वेष्टनावर द्यावे लागते. मुले हे वाचीत नाहीत. मोठी माणसेही क्वचितच वाचतात. घरी मात्र तापवून गार केलेले दूध, साखर आणि हंगामाचा आंबा किंवा जांभूळ, एवढेच डब्यात पडते, व काय पडले हे आईस ठाऊक असते.

आता यंत्रांकडे वळू. घरगुती यंत्रे मुख्यत्वे तीन जातींची आहेत. पहिल्या जातीत स्वतःचे शीतक यंत्र आतच असते. मिश्रण ओतावे, बटन दाबावे, आणि अर्ध्यापाऊण तासात काम व्हावे. परंतु ते महाग व जड असते, आणि काम चालू असता वीज गेली तर सारे अर्धवट राहते. शिवाय घाटातून आडवे-तिडवे हलवीत आणल्यावर ते काही तास उभे ठेवूनच सुरू करावे लागते. दुसऱ्या जातीत दुहेरी भिंतीचे एक भांडे असते. ते स्वस्त खरे; परंतु आधी १२ ते २४ तास फ्रीजरमध्ये सुमारे उणे १८ अंशांवर गोठवावे लागते. मध्येच काही तास वीज गेली, की भांडे नीट गोठत नाही व मिश्रण पातळच राहते. एकदा आइस्क्रीम केले, की दुसऱ्या खेपेस पुन्हा तेवढीच प्रतीक्षा करावी लागते.

तिसरी जात म्हणजे हाताने फिरवावयाचा जुना पॉट. लाकडी बादली, तीत धातूचा डबा, डब्यात पाती व वर मूठ. अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले, व त्याची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. विद्यार्थ्यांनी यात वर्गातील अप्रकट उष्म्याचा धडा प्रत्यक्ष पाहावा. मीठ मिसळलेला बर्फ शून्य अंशाच्या पुष्कळ खाली वितळू लागतो. वितळण्यास लागणारी उष्णता, दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी, तो डब्यातील दुधातून ओढून घेतो. असे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. मूठ फिरत राहिल्याने बर्फाचे कण बारीक राहतात आणि पदार्थ मऊ होतो.

आमचे मत या पॉटच्या बाजूचे आहे. परंतु त्याची उणी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. एका खेपेस तीन-चार किलो बर्फ, म्हणजे तितकेच लिटर पाणी, खर्ची पडते. ज्या मोखाड्यात चैत्र-वैशाखात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते, तेथे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. म्हणून आमची सूचना अशी, की घरोघरी यंत्र न घेता आळीतील पाच-सहा घरांनी मिळून एकच पॉट घ्यावा, व सणावारी, वाढदिवसास तो काढावा. खर्च वाटला जाईल, पाणी वाचेल, आणि मूठ फिरविण्यास मुलांचे हात पाळीपाळीने मिळतील. ज्या घरी पाण्याची फारच टंचाई व विजेची मात्र खात्री आहे, त्यांनी खुशाल दुसऱ्या जातीचे भांडे घ्यावे.

पॉट घेताना डबा स्टेनलेस स्टीलचा पाहावा. ॲल्युमिनियम मिठाने खाल्ले जाते. झाकण घट्ट असावे, नाहीतर खारे पाणी दुधात शिरते. लाकडी बादली आदल्या रात्री भिजत ठेवावी, म्हणजे फळ्या फुगून गळती थांबते. मिश्रण फुगते, म्हणून डबा दोन-तृतीयांशच भरावा. चार भाग बर्फास एक भाग जाडे मीठ पुरते. बर्फ विकत आणल्यास सावध असावे. मासळी टिकविण्याचा बर्फ खाण्याचा नसतो; असा बर्फ निळा करूनच विकावा, असा दंडक महाराष्ट्रात २०१८ साली घालण्यात आला. तो डब्याबाहेर चालेल; पेल्यात कदापि नको. उरलेले खारे पाणी झाडाच्या मुळाशी ओतू नये, आणि काम झाल्यावर सर्व भाग गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करावेत.

शेवटी पालकांस एवढेच सांगावयाचे, की वस्तूची किंमत दुकानात कळते. तिची योग्यता मात्र आपल्या घरची वीज, आपले पाणी व आपली मिळकत यांवरूनच ठरते. तो हिशेब मुलांस बरोबर घेऊन करावा. पुढे संसारात पडल्यावर त्यांस तो उपयोगी पडेल.