पर्समधलं रिव्हॉल्व्हर आणि घरातली बंदूक

बायकांनी स्वतःजवळ रिव्हॉल्व्हर बाळगावं का, आणि बाळगायचंच तर कुठलं, हा प्रश्न पेण-रोह्याच्या बैठकांत आता वरचेवर येतो. विचारणाऱ्या बायका हौसेनं विचारत नाहीत. कुणी धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाते, कुणी दिव्याच्या गाडीनं अंधार पडल्यावर पेणला उतरते, कुणी गणपतीच्या आधी हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांतून उशिरा घरी परतते. २०२० साली आपल्या याच दोन तालुक्यांत लहान मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. त्यामुळे ‘हिंसेनं प्रश्न सुटत नाहीत’ असं म्हणून हा प्रश्न बाजूला सारणं बरोबर नाही. आधी ती वस्तू काय आहे ते पाहू, मग मत देऊ.

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ ला झालेल्या सामूहिक बलात्कारानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली, २०१३ साली कायदा बदलला. आणि जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. नाव ‘निर्भीक’. वर्तमानपत्रांनी त्या मुलीला दिलेलं ‘निर्भया’ हे नाव ऐकणाऱ्याला आठवावं, असंच. वजन सुमारे अर्धा किलो, ०.३२ बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं. किंमत १,२२,३६० रुपये. सोबत दागिन्यांच्या डब्यासारखी मरून रंगाची पेटी. पुढे ईशापूरच्या रायफल कारखान्यानं ०.२२ बोअरचं, पाव किलोच्या आसपासचं ‘निडर’ काढलं. २०२३ मध्ये कानपूरहूनच ‘प्रबल’ आलं. त्याचा पल्ला ५० मीटर असल्याचं सांगितलं गेलं. बाईला दागिन्याच्या पेटीतून संरक्षण विकायची कल्पना आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेतल्या स्मिथ अँड वेसन कंपनीनं १९८९ मध्येच ‘लेडीस्मिथ’ नावाचं रिव्हॉल्व्हर बायकांसाठी म्हणून बाजारात आणलं होतं.

यातून निवड कशी करायची? दुकानदार आधी वजन सांगतो. हलकं हत्यार जवळ बाळगायला सोपं, हे खरं. पण गोळी तीच ठेवून हत्यार हलकं केलं की हाताला धक्का जास्त बसतो आणि दुसरी गोळी नेमकी जाणं अवघड होतं. ०.२२ बोअरला धक्का कमी, पण अंगावर आलेल्या माणसाला थांबवायची ताकदही कमी. पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर समजायला सोपं असतं. एखादं काडतूस वाजलं नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढचं समोर येतं. पण तो चाप जड असतो. म्हणून आपल्या बोटाला तो ओढता येतो का, मूठ आपल्या हातात बसते का, हे स्वतः पाहावं लागतं. नवऱ्यानं किंवा भावानं पसंत करून आणलेलं हत्यार इथे उपयोगाचं नाही. पल्ल्याच्या आकड्याला तर फारसा अर्थच नाही. बाईवर हात टाकणारा हाताच्या अंतरावर असतो. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडली तर ते स्वसंरक्षण होतं, हे कोर्टाला पटवणं फार कठीण जाईल.

मग ते ठेवायचं कुठे? साडीला खिसा नाही, पंजाबी ड्रेसला बहुधा नाही. राहते ती पर्स. शस्त्र नियम २०१६ सांगतात की सार्वजनिक ठिकाणी असं हत्यार पट्ट्याच्या म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. गाडीतल्या खिडकीच्या हुकाला अडकवलेली पर्स ताब्यात आहे असं कोण म्हणेल? डबा, किल्ल्या, पोराचं औषध यांच्याखालून हत्यार काढायला वेळ किती लागेल, आणि कडेवर मूल असताना ते कोणत्या हातानं काढायचं, हे घरी रिकामी पर्स घेऊनच करून पाहावं. शिवाय सराव हवा. सरावाला जागा हवी, आणि काडतुसं परवान्यावर मोजून मिळतात. वर्षानुवर्षं पेटीत पडलेलं रिव्हॉल्व्हर ऐन वेळी हातात घेणारी बाई स्वतःलाच जास्त धोक्यात घालते.

परवान्याचंही समजून घेऊ. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक, पिस्तूल, रिव्हॉल्व्हर काहीच ठेवता येत नाही. गावठी कट्टा कुणी ‘ताईसाठी’ म्हणून आणून दिला तरी तुरुंगात ताईच जाते. आपला अर्ज अलिबागला, जिल्हाधिकारी कार्यालयात. मग पोलिसांचा अहवाल, मग निर्णय. वयाची २१ वर्षं पूर्ण नसतील तर परवाना नाही. म्हणजे २०२० साली ज्या मुलींसाठी आपण मोर्चे काढले त्यांना या वस्तूचा काहीच उपयोग नव्हता. पैशांचं म्हणाल तर २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. ‘निर्भीक’ची २०१४ सालची किंमत धरली तरी ती ४१२ दिवसांची मजुरी होते. आपल्या गटांतल्या कातकरी, ठाकूर किंवा आगरी मजूर बाईसाठी ही वस्तू बनलेलीच नाही.

एक गोष्ट मात्र शिबिरात ठळकपणे सांगायला हवी. स्वसंरक्षणाचा हक्क रिव्हॉल्व्हरला चिकटलेला नाही. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम १००, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३८, सांगतं की बलात्काराच्या हेतूनं हल्ला झाला तर प्रतिकारात हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. हा हक्क दगडानं, कोयत्यानं, दातांनी प्रतिकार करणाऱ्या बाईलाही आहे. धोका संपल्यावर मात्र तो संपतो. हे माहीत नसल्यानं कितीतरी जणी ‘उलटा आपल्यावरच खून पडेल’ या भीतीनं हात उचलत नाहीत.

आता माझं मत. आपल्याकडची बाई निःशस्त्र आहे, हे गृहीतच मुळात चुकीचं आहे. वाडीवरची बाई लाकडाला रानात जाते तेव्हा तिच्या कमरेला कोयता असतो. रानात तिच्या वाटेला जायची हिंमत सहसा कुणी करत नाही. तीच बाई संध्याकाळी घरी येते, कोयता कुडाला अडकवते, आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याचा मार खाते. कोयता हाताच्या अंतरावर असतो. ती तो का उचलत नाही? तिला धीर नाही म्हणून? नाही. उचलला तर उद्या पोरांना काय घालायचं, माहेरची कवाडं उघडतील का, पंच काय म्हणतील, पोलीस कुणाचं ऐकतील, हे सगळं तिला त्या क्षणी ठाऊक असतं म्हणून. कोयत्याच्या जागी सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर ठेवलं तर यातला एक तरी प्रश्न सुटतो का?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे दरवर्षी तेच सांगतात. बलात्काराच्या नोंदलेल्या प्रकरणांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी बाईच्या ओळखीचे असतात. २०२२ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांत सर्वांत मोठा वाटा, ३१.४ टक्के, नवरा आणि त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेचा होता. पोलीस ठाणंही नेहमी सुरक्षित नसतं. १९७२ मध्ये मथुरेवर अत्याचार झाला तो तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्याच्या आवारात. त्या खटल्यानंतर स्त्री-संघटनांनी लढा दिला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलायला लावला. तो बदल हत्यारानं आला नाही.

पर्समधलं रिव्हॉल्व्हर दिवसातले दोन-तीन तास रस्त्यावर असेल. उरलेला सगळा वेळ ते घरात असतं. कपाट कुणाचं, किल्ली कुणाकडे? ज्या घरात बाईला स्वतःचं बँकेचं पासबुक लपवावं लागतं तिथे रिव्हॉल्व्हर तिच्या एकटीच्या ताब्यात राहील, असं आपल्यापैकी कुणाला वाटतं? अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की, मारझोड करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक असली की बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढतो. तिकडे १९९४ पासून कायदा आहे, की ज्याच्याविरुद्ध कोर्टाचा घरगुती हिंसेबाबतचा संरक्षण आदेश आहे त्यानं बंदूक ठेवायची नाही. २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला.

आपल्याकडे बंदुका नाहीत असं समजू नका. कोकणात रानडुकरांपासून पीक राखायला शेती संरक्षणाचे परवाने दिलेले आहेत. जुन्या घरांत ठासणीच्या बंदुका आहेत. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, म्हणजे कुणाकडे काय आहे याची यादी सरकारकडे असते. मग मतदानासाठी जे करता येतं ते मार खाणाऱ्या बाईसाठी का होऊ नये?

कायद्यात त्याला वाट आहे, आपण ती क्वचित वापरतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ खालच्या २००६ च्या नियमांतला नियम १० सांगतो की मॅजिस्ट्रेटनं लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकाऱ्यानं, गरज पडल्यास पोलिसांची मदत घेऊन, हिंसेत वापरलेलं हत्यार जप्त करायचं. शस्त्र अधिनियमाचं कलम १७ परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार देतं, परवानाधारक कोणत्याही कारणानं अपात्र वाटला तरीही. हे अर्ज करायला सव्वा लाख लागत नाहीत. एक कार्यकर्ती, एक लेखी अर्ज आणि पाठपुरावा लागतो.

काही मैत्रिणी म्हणतील, म्हणजे हत्यार पुरुषांनीच ठेवायचं का? मुळीच नाही. वाळूवाल्यांच्या किंवा जमीनवाल्यांच्या धमक्या येणारी सरपंच असेल, रानातल्या घरात एकटी राहणारी शेतकरी बाई असेल, तर तिचा अर्ज पुरुषाच्या अर्जाइतकाच गंभीरपणे घेतला गेला पाहिजे. ‘बाईला कशाला बंदूक’ हे नकाराचं कारण होऊ शकत नाही. कलम १४ प्रमाणे नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येतं. अशा बाईच्या पाठीशी संघटनेनं उभं राहावं, आणि वर सांगितलेल्या कसोट्या तिच्यासोबत बसून तपासाव्यात. पण ही त्या एकेका बाईची निवड आहे. तो संघटनेचा कार्यक्रम होऊ नये. सरकारनं ‘आम्ही तुम्हाला रिव्हॉल्व्हर दिलं’ म्हणून रात्रीची एसटी, रस्त्यावरचे दिवे, संरक्षण अधिकाऱ्यांची पदं आणि निवारा यातून अंग काढून घ्यावं, याला आपण हातभार लावायचा नाही.

म्हणून या तिमाहीपासून एवढं करावं असं मी सुचवते. आपल्या सल्ला केंद्रात बाईची हकिगत लिहून घेताना तीन प्रश्न वाढवू या. घरात बंदूक किंवा दुसरं हत्यार आहे का? परवाना कुणाच्या नावावर आहे? त्यानं ते कधी दाखवून धमकावलंय का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्याच आठवड्यात संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत मॅजिस्ट्रेटकडे अर्ज, आणि हत्यार परवान्याचं असेल तर त्याची प्रत अलिबागला. पेण आणि रोहा दोन्हीकडच्या केंद्रांनी असे अर्ज एका वहीत नोंदवले, तर वर्षअखेरीस जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवायला आपल्याकडे स्वतःचे आकडे असतील.