सिगारेट चालते, ई-सिगारेट का नाही?

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून ई-सिगारेट म्हणजे निकोटिनची वाफ ओढायचे यंत्र बंद केले. डिसेंबरात त्याचा कायदा झाला. काल रीतसर बिलावर घेतलेला माल आज गुन्ह्याचा ठरला. साठ्याची यादी करून तो पोलीस ठाण्यात जमा करा, असे फर्मान निघाले. भरपाईचा एक शब्दही नाही! विकला तर पहिल्याच खेपेस एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

निकोटिन वाईट, याबद्दल आमचा वाद नाही. पोरांच्या हाती ते पडू नये, हेही कबूल. पण त्याच फळीवरची विडी-सिगारेट सरकार कर घेऊन विकू देते. अठरा वर्षांखालच्यांना विकू नये, शाळेपासून १०० यार्डांत विकू नये, हे नियम २००३ च्या कायद्यात आहेतच. तेच ई-सिगारेटला लावता आले नसते काय?

सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेटही बंद केली. टपरीवर येणारा हमाल अख्खे पाकीट घेतो कुठे? नियम नकोत असे व्यापारी म्हणत नाही. निदान हातातला माल संपवायला चार महिन्यांची मुदत तरी द्यायची होती.