बेट तुटल्यावर दवाखाना किती दिवस चालेल?

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे चक्रीवादळ प्वेर्तो रिकोवर धडकलं. त्यातल्या बळींचा सरकारी आकडा जवळजवळ वर्षभर ६४ वरच अडून होता. सरकारनंच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाकडून करून घेतलेल्या अभ्यासानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये, तो २,९७५ झाला. चौसष्ट आणि तीन हजार यांच्यामधली ही माणसं त्या दिवशी मोजली गेली नाहीत. सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात नेहमीपेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंच्या हिशेबातून ती पुढे आली आणि त्यांत म्हातारी माणसं आणि गरीब वस्त्यांतली माणसं अधिक होती. त्याच सुमारास हार्वर्डच्या संशोधकांनी घरोघरी जाऊन पाहणी केली. वर्षअखेरपर्यंत एका कुटुंबाला सरासरी ८४ दिवस वीज नव्हती असं त्यांना आढळलं. वादळानंतरच्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश उपचार लांबल्यामुळे किंवा मध्येच तुटल्यामुळे झाल्याचं घरच्यांनी सांगितलं. वादळ एका दिवसात पुढे सरकलं होतं. त्यानंतरची कित्येक माणसं औषध, वीज, पाणी आणि डॉक्टर यांच्यात पडलेल्या अंतरानं मेली.

बेटांची आरोग्यव्यवस्था हवामानबदलापुढे किती टिकाव धरेल, हे तपासण्याचं काम आता जगभर चाललं आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये त्यासाठी दहा अंगांची एक चौकट दिली. नोव्हेंबर २०१७ मध्ये बॉनच्या हवामान परिषदेत फिजीकडे अध्यक्षपद असताना छोट्या बेट-राष्ट्रांसाठी खास उपक्रमही जाहीर झाला. हे सगळं हवंच होतं. तरी अशा मूल्यमापनांत पहिला मान इमारतीला मिळतो, आणि माझी तक्रार तिथेच आहे. छप्पर किती वेगाचा वारा सोसेल, पाया किती पक्का आहे, पुराचं पाणी जोत्यापर्यंत येईल का, हे प्रश्न खरे आहेत. पण बेटासाठी पहिला प्रश्न वेगळाच असायला हवा: बाहेरून काहीही आलं नाही, तर हे केंद्र किती दिवस चालेल, आणि कोणत्या रुग्णासाठी? उत्तर दिवसांत यावं, टक्क्यांत नाही. बेटावरच्या दवाखान्याचा कस लागतो तो जहाज येत नाही त्या दिवसांत.

रुग्णालयांची सुरक्षितता मोजण्यासाठी सर्वाधिक वापरलं जाणारं साधन म्हणजे पॅन अमेरिकन हेल्थ ऑर्गनायझेशनच्या पुढाकारानं तयार झालेला ‘हॉस्पिटल सेफ्टी इंडेक्स’. त्याच्या मूळ मांडणीत बांधकामाच्या मजबुतीला ५० टक्के वजन आहे, वीज-पाणी-यंत्रसामग्रीला ३० आणि आणीबाणीत काम चालवण्याच्या तयारीला २०. भूकंपाच्या प्रदेशात हे वजन पटण्यासारखं आहे, कारण तिथे इमारत कोसळली की पुढचं सगळंच संपतं. २०१५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिन्हींना सारखं वजन देण्याचा पर्याय आला, तो बेटांनी बिनदिक्कत घ्यावा असं मला वाटतं. याच साधनात पाण्याचा एक निकष आहे: दर खाटेमागे रोज किमान ३०० लिटर, आणि साठा तीन दिवस पुरेल इतका. मुख्य भूमीवर चौथ्या दिवशी टँकर येतो. बेटावर चौथ्या दिवशी समुद्र खवळलेलाच असू शकतो.

आता हा निकष एका रुग्णाला लावून पाहू. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो. चार तासांच्या एका फेरीला म्हणून १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं. ते शुद्ध करताना बरंच पाणी वाया जातं, म्हणजे टाकीतून उपसावं लागणारं पाणी याहून पुष्कळ जास्त. रुग्णाला हे आठवड्यातून तीनदा हवं. बेटावर असे दहाच रुग्ण असले तरी आठवड्याला ३,६०० लिटर शुद्ध पाणी झालं, आणि यांतला एकही रुग्ण खाटेवर दाखल नसल्यामुळे खाटेमागच्या हिशेबात तो येतच नाही. शिवाय पाणी शुद्ध करायला वीज लागते. छोट्या बेटांवर वीज बहुधा डिझेलवर चालते, डिझेल जहाजानं येतं आणि जहाजाला धक्का शाबूत लागतो. साखळीतली एक कडी तुटली की पक्क्या काँक्रीटच्या इमारतीत, चालू स्थितीतल्या यंत्रासमोर, रुग्ण नुसता बसून राहतो. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे विकार बेटांवर, विशेषतः पॅसिफिक आणि कॅरिबियनमध्ये, फार आहेत. तेव्हा हा रुग्ण अपवादातला नाही, व्यवस्था त्याच्यावरूनच मोजायला हवी.

ही साखळी तुटायला वादळच लागतं असंही नाही. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेमध्ये समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात आग लागली आणि मालदीवच्या राजधानीतल्या लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. दुसऱ्याच दिवशी भारतीय हवाई दलाच्या विमानांनी पाणी पोचवलं, पाठोपाठ आयएनएस सुकन्या गेली. शेजारधर्म म्हणून ते अभिमानानं सांगावं असंच काम होतं. पण त्या दिवशी विमानं उडू शकत होती, धावपट्टी वापरता येत होती आणि शेजारी सुस्थितीत होता. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी जुळतील असं धरून कोणत्याही रुग्णालयाची योजना आखता येत नाही.

प्वेर्तो रिकोच्या पूर्वेला, जेमतेम तेरा किलोमीटरवर, व्हिएकेस नावाचं आठ-नऊ हजार वस्तीचं बेट आहे. तिथलं एकमेव रुग्णालय मारियानं नादुरुस्त केलं आणि ते बंद झालं. आरोग्यसेवा एका जुन्या निवारा-इमारतीत हलवली गेली. डायलिसिसचे मूठभर रुग्ण त्यानंतर आठवड्यातून तीनदा छोट्या विमानानं मुख्य बेटावर जाऊ लागले. मूत्रपिंड निकामी झालेल्या, थकलेल्या माणसानं पहाटे उठून विमानतळ गाठायचा, उडायचं, चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, परत यायचं, आणि एक दिवसाआड हेच. हवा बिघडली की फेरी रद्द. नव्या रुग्णालयासाठी सुमारे चार कोटी डॉलरची संघीय मदत मंजूर झाली ती जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे सव्वादोन वर्षांनी, आणि तीही कागदावर. हे जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाच्या, अमेरिकेच्या, अखत्यारीतल्या बेटावर घडलं, म्हणून मी ते मुद्दाम सांगतो आहे.

कारण या विषयावर सर्वांत वजनदार आक्षेप न्यायाचा आहे. छोट्या बेट-राष्ट्रांचा जगाच्या हरितवायू उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याच्याही आत आहे. मग त्यांनीच टाक्या आणि बॅटऱ्या मोजत का बसावं? ज्यांनी हवा तापवली त्यांनी पैसे द्यावेत. हे शंभर टक्के मान्य. डॉमिनिका या कॅरिबियन बेट-राष्ट्राचं मारियात झालेलं नुकसान त्याच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २२६ टक्के होतं, आणि इतका घाव कोणताही देश स्वतःच्या तिजोरीतून भरून काढू शकत नाही. नुकसानभरपाईच्या निधीचं तत्त्व २०२२ मध्ये शर्म अल-शेखला मान्य झालं, त्यात पैसा मात्र चणचणीनंच येतो आहे, आणि त्यासाठी भांडत राहणं भाग आहे. पण व्हिएकेस दाखवतं की पैसेवाल्या देशाचा भाग असणं पुरेसं नाही. त्या बेटाचं रुग्णालय वादळाआधीही एका धाग्यावर होतं, आणि नंतर कोणत्या खात्यानं काय द्यायचं याची कागदपत्रं वर्षानुवर्षं फिरली. निधी आल्यावर तो कुठे जावा हे आधीच मोजून ठेवलेलं नसेल, तर तो राजधानीतल्या दर्शनी इमारतीत जातो. डिझेलची टाकी आणि पाण्याचा पंप यांच्या उद्घाटनाला कोणी फीत कापायला येत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसांचा: काही हजार लोकांसाठी एवढा खर्च कशाला, रुग्णाला हेलिकॉप्टरनं हलवा. प्रत्येक बेटावर मेंदूची शस्त्रक्रिया व्हावी असं कोणी म्हणत नाही, आणि गंभीर रुग्ण हलवावेच लागतील. पण हेलिकॉप्टर वादळात उडत नाही. जितके दिवस ते उडणार नाही, तितके दिवस बाळंतीण, इन्सुलिनवरचा मुलगा, ऑक्सिजनवरचा म्हातारा आणि डायलिसिसचा रुग्ण तगला पाहिजे. खर्चाचा हिशेब करायचा तर व्हिएकेसच्या विमानफेऱ्यांचाही करावा. उलट बाजूला कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावरचं जॉर्जटाउनचं छोटं रुग्णालय आहे. ‘स्मार्ट हॉस्पिटल’ योजनेत, ब्रिटिश मदतीनं, त्याची डागडुजी झाली: छप्पर, खिडक्या, पावसाच्या पाण्याची साठवण, सौर पॅनेल. विजेचा वापर निम्म्याहूनही खाली आला, आणि डिसेंबर २०१३ च्या पुरात ते सुरू राहिलं. नवी इमारत लागली नाही, जुनीच नीट केली गेली.

सौर पॅनेलबद्दलही एक शंका येते, आणि ती रास्त आहे. वादळ पॅनेलही उडवतं, खारी हवा जोड गंजवते, बॅटरी उष्णतेनं लवकर खराब होते. बिघडलेला इन्व्हर्टर दुरुस्त करणारा माणूस बेटावर नसेल, तर वर्षभरात सगळी यंत्रणा छपरावरची अडगळ होते. मारियानंतरच्या काही आठवड्यांत सगळीकडून सौर यंत्रणा आल्या, सान हुआनच्या मुलांच्या रुग्णालयाला टेस्लानं बसवून दिली, जगभर फोटो छापून आले. मला त्याहून मोलाचं वाटतं ते डोंगरातल्या अडहुंतास गावातलं कासा पुएब्लो. ही गावकऱ्यांची संस्था १९९९ पासून सौरऊर्जेवर चालत होती. वादळानंतर अंधारलेल्या गावातली माणसं आपली श्वसनाची यंत्रं घेऊन तिथे येऊ लागली. तिथे पॅनेलइतकाच उपयोग झाला तो ती वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्या हातांचा. म्हणून मूल्यमापनात ‘सौर यंत्रणा आहे का’ या रकान्याशेजारी ‘ती बिघडली तर बेटावर कोण दुरुस्त करतं’ हा रकाना सक्तीचा असावा. तसाच एक रकाना परिचारिकेच्या घराचा. वादळात तिचंही छप्पर उडतं, आणि मुलांना कुठे ठेवायचं हे ठरल्याशिवाय ती कामावर येऊ शकत नाही. तिच्या निवाऱ्याची सोय ही आरोग्यव्यवस्थेचीच तयारी आहे.

आपल्या देशातल्या बेटांना हा प्रश्न लावल्याशिवाय हे सगळं परक्याचं राहील. लक्षद्वीपच्या ३६ बेटांपैकी दहांवर वस्ती आहे, २०११ च्या जनगणनेत ती ६४,४७३ होती. कवरत्तीपासून कोची सुमारे ४०० किलोमीटर. ज्या तेरा किलोमीटरांनी व्हिएकेसचे हाल केले, त्याच्या तीसपट. विमानतळ एकट्या अगत्तीला, आणि गंभीर रुग्णाला कोचीला न्यायचं तर बहुतेकदा हेलिकॉप्टरच. प्रवाळाच्या वाळूतल्या गोड्या पाण्याच्या पातळ थराला समुद्र चढला की विहिरी खाऱ्या होतात. म्हणून २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं कवरत्तीत खोल समुद्रातल्या थंड पाण्याचा वापर करून रोज लाखभर लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प उभारला, पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही. आपल्या शास्त्रज्ञांचं हे फार मोठं काम आहे, पण तो प्रकल्प चालतो डिझेलच्या विजेवर. म्हणजे जहाज थांबलं की आधी वीज, मग पाणी, मग डायलिसिस. समुद्राच्याच उष्णतेतून वीज काढून प्रकल्प चालवण्याचा प्रयत्न कवरत्तीत सुरू आहे. तो लवकर पुरा व्हावा, आणि त्या विजेवर पहिला हक्क दवाखान्याचा असावा.

२०१७ मध्ये मारियानंतर अडीच महिन्यांनी ओखी हे चक्रीवादळ लक्षद्वीपवरून गेलं, मे २०२१ मध्ये तौक्ते गेलं. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली तीव्र वादळं वाढली आहेत. तेव्हा दर वर्षी मे महिन्यात, पावसाळ्यात समुद्र बंद होण्याआधी, दहाही बेटांचा प्रत्येकी एक तक्ता जाहीर व्हावा: इंधन किती दिवसांचं, पाणी किती दिवसांचं, ऑक्सिजन, इन्सुलिन आणि बाळंतपणाची औषधं किती दिवसांची, डायलिसिसचे रुग्ण किती, पुढच्या महिन्यात बाळंत होणाऱ्या बायका किती, जनरेटर शेवटचा पूर्ण भारावर कधी चालवून पाहिला, आणि कोचीशी संपर्क तुटला तर बेटावर निर्णय घेण्याचा अधिकार कोणाकडे. तो तक्ता कवरत्तीच्या कार्यालयात फायलीत न ठेवता त्या-त्या बेटाच्या दवाखान्याबाहेर मल्याळममध्ये, आणि मिनिकॉयला महलमध्ये, लावावा. सुरुवात सर्वांत छोट्या वस्तीपासून, बित्रापासून करावी.